वखराची पास बदलता येते, मग फोनची बॅटरी का नाही?



२०२५-२६ च्या हंगामात कापूस हमीभावाने विकायचा तर एक नवी पायरी चढावी लागली. सीसीआयच्या केंद्रावर गाडी नेण्याआधी 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नाव नोंदवा, सातबारा चढवा, आधार जोडा, आणि माल कोणत्या दिवशी आणायचा तेही त्याच ॲपवर ठरवा. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव होता. हा भाव पुरेसा की अपुरा, हे भांडण वेगळे आणि ते आपण भांडतच आहोत. आजचा मुद्दा असा, की त्या भावापर्यंत जाणारी वाट आता हातातल्या काचेच्या पाटीवरून जाते. पाटी बंद तर वाट बंद.

ही पहिली वेळ नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. वावरात उभे राहा, फोनने पिकाचा फोटो काढा, तेव्हा सातबाऱ्यावर पेरा चढणार. मग सहायकांची सोय झाली, मुदती वाढल्या, पण पहिला हुकूम फोनचाच. पीकविम्यात नुकसान झाले तर ७२ तासांत खबर द्या, असे सांगताना पहिले बोट दाखवले गेले ते ॲपकडेच.

सरकार म्हणते, फोन तर आता सगळ्यांकडे आहे. आहे. पण तो कसा आहे? कोणाच्या हातासाठी घडवलेला आहे? बिघडला तर त्याला कोण उघडतो? एका पंक्चरवर गाडी भंगारात घालावी लागेल, अशी गाडी कोणी विकत घेईल का? फोनच्या बाबतीत मात्र ही गोष्ट आपण निमूट मान्य केली. म्हणून फोनची घडण कशी बदलत गेली, ती कोणी बदलली आणि कोणासाठी, याचा सरळ हिशोब आम्ही या अंकात मांडत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. फोन काही वर्षे आपल्याकडे चालत आला. मग त्याने पाठ फिरवली. यात निसर्गाचा नियम नाही आणि विज्ञानाची सक्तीही नाही. हा नफ्याचा हिशोब आहे. आणि माणसांनी मांडलेला हिशोब माणसांना मोडता येतो.

पाऊण किलोचा फोन, सोळा रुपयांचे मिनिट

३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मोटोरोला कंपनीचे इंजिनिअर मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला. कोणाला? प्रतिस्पर्धी बेल प्रयोगशाळेच्या जोएल एंगेल यांना. म्हणजे पहिल्या कॉलपासूनच हा धंद्याच्या चढाओढीचा मामला. तो फोन दुकानात यायला आणखी दहा वर्षे लागली. १९८३ च्या त्या फोनचे वजन पाऊण किलोहून जास्त, किंमत ३,९९५ डॉलर. दहा तास चार्ज केला की अर्धा तास बोलता येई. तो साहेबाचा फोन होता आणि तसे कोणी लपवतही नव्हते.

आपल्या देशात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांनी ऐकले. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता. आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. कोणी आपल्याला शिव्या द्यायला फोन केला, तर त्या ऐकण्याचे पैसेही आपणच भरायचे! २००३ मध्ये येणाऱ्या कॉलचा आकार गेला, दर कोसळले आणि मग फोन गावात शिरला.

फोन वावरात आला तो काळ

२००३ मध्येच नोकियाने ११०० नावाचा फोन काढला. आपल्यापैकी अनेकांनी तो वापरला आहे. त्याची घडण आठवा. बटणांवर एकसंध रबरी आवरण, म्हणजे धूळ आत जात नाही. कडेला खरबरीत पकड, म्हणजे घामाच्या हातातून निसटत नाही. वर टॉर्च, म्हणजे रात्रीच्या लाइटीच्या पाळीला मोटार सुरू करायला जाताना पायाखालचा साप दिसतो. वजन ८६ ग्रॅम. ऊन जितके कडक तितका त्याचा पडदा स्वच्छ दिसे, कारण तो बाहेरच्या उजेडावरच वाचता येई. पाचच्या बटणावर छोटा उंचवटा, त्यामुळे न बघताही नंबर लावता येई. आणि मागचे झाकण अंगठ्याच्या नखाने निघे. बॅटरी हातात येई.

असे २५ कोटींहून अधिक फोन जगात विकले गेले. इतका खपलेला दुसरा फोन दाखवता येणार नाही. हे काही नोकियाचे दानधर्म नव्हते. शहरातले गिऱ्हाईक भरून पावले होते आणि नवे गिऱ्हाईक धुळीत, घामात आणि अंधारात राहणारे होते. त्याच्या खिशातला पैसा हवा तर त्याच्या हाताला पेलेल अशी वस्तू करावी लागली. गिऱ्हाईकाची गरज असते तेव्हा वस्तू गिऱ्हाईकाच्या मापाची होते, हा बाजाराचा साधा नियम आहे.

त्याच नियमाने २००८ मध्ये मायक्रोमॅक्सचा एक्सवनआय आला. एकदा चार्ज केला की महिनाभर नुसता चालू राहील, असे त्याचे बोलणे. खेड्यात वीज नाही म्हणून ट्रकच्या बॅटरीवर चालणारा सार्वजनिक फोन पाहिला आणि ही कल्पना सुचली, असे त्या कंपनीच्या राहुल शर्मा यांनी सांगितले आहे. बारा-बारा तासांचे लोडशेडिंग सोसलेल्या आपल्या गावांना त्या फोनचे महत्त्व समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी तर साध्या फोनला विहिरीच्या मोटारीचा चाकर बनवले. त्यांच्या 'नॅनो गणेश' यंत्राने घरबसल्या फोनवरून मोटार चालू-बंद करता येते, लाइट आहे की नाही तेही कळते. नोकियाच्याच २००९ च्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. त्यासाठी ना काचेचा पडदा लागला ना ॲप. बटणे पुरली.

त्या काळातही सगळे आलबेल नव्हते. एक अन्याय तेव्हाही होता, तो नोंदवून ठेवला पाहिजे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत. तोच निरोप मराठीत लिहिला तर ७० अक्षरांतच एसएमएस संपे. त्यातही काना, मात्रा, वेलांटी हे सगळे वेगळे अक्षर म्हणून मोजले जाई. 'कापूस' या शब्दात डोळ्याला अक्षरे तीन दिसतात, यंत्र पाच मोजते. म्हणजे मायबोलीत लिहाल तर एका निरोपाला दोन निरोपांचे पैसे. मग पोरे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहू लागली आणि विद्वान म्हणाले, बघा, भाषा बिघडली! भाषा बिघडली नव्हती. मोजमाप आपल्यासाठी केलेले नव्हते.

काच आली आणि डिंक आला

२००७ मध्ये ॲपल कंपनीचा आयफोन आला. समोर नुसती काच आणि एक बटण. जगाने टाळ्या वाजवल्या, आणि वस्तू टाळ्यांच्या लायकीची होतीही. पण त्या टाळ्यांच्या गजरात एक गोष्ट कोणाला ऐकू आली नाही. त्या फोनची बॅटरी गिऱ्हाईकाला काढता येत नव्हती. आजवर जी बॅटरी नखाने निघे, तिला कंपनीने कुलूप घातले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

आपल्यापैकी आयफोन किती जणांकडे आहे? थोड्यांकडे. पण घडण वरून खाली झिरपते. २०१५ मध्ये सॅमसंगने आपल्या मोठ्या फोनचे झाकण बंद केले. मग सगळ्यांनीच केले. आज तालुक्याच्या दुकानात दहा हजारांचा फोन घ्या. एखाद्याचे झाकण निघेलही, पण आत बॅटरी डिंकाने चिकटवलेली सापडते.

पुढची पायरी स्क्रूची. २०११ च्या सुमारास आयफोनच्या तळाला पाच पाकळ्यांचे स्क्रू आले, कोणाच्याच पेट्यात नसलेल्या पेचकसाचे. आपल्या एसटी स्टँडवरच्या कारागिरांनी तोही पेचकस मिळवला. मग कंपनीने सुट्या भागांनाच नंबर दिले. बाहेरची बॅटरी बसवली, की फोन पडद्यावर बोंब मारतो, ही ओळखीची नाही म्हणून. म्हणजे बैल आपला, दावण आपली, वैरण आपली, पण खुरांना नाल ठोकायचा तर बैल विकणाऱ्याची परवानगी!

२०१६ मध्ये ॲपलने इअरफोनचे भोक बुजवले. त्याच दिवशी, त्याच मंचावर, १५९ डॉलरचे बिनतारी इअरफोन विकायला मांडले. भोक का बुजवले याची कारणे बरीच सांगितली गेली. आपल्याला कारण शोधायला लांब जायची गरज नाही, शेजारी लावलेले किमतीचे लेबल वाचता येते.

आणि डिसेंबर २०१७ मध्ये तर पितळ उघडे पडले. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग कंपनी आतून कमी करत होती, हे ॲपलला मान्य करावे लागले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून असे केले, हा त्यांचा खुलासा. असेलही. पण गिऱ्हाईकाला सांगितले का नाही? फोन मंद झाला, आता नवा घ्या, असे समजून किती जणांनी खिशात हात घातला असेल? नुसती बॅटरी बदलली की तोच फोन पुन्हा धावू लागे. ओरड झाल्यावर बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला गेला. २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोचा दंड केला आणि अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाईची तडजोड झाली. तिथल्या गिऱ्हाईकाने कोर्टात जाऊन पैसे वसूल केले. आपण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभे राहून "साहेब, होईल का?" विचारतो.

दोन बॅटऱ्यांची गोष्ट

बंद बॅटरी आणि सुटी बॅटरी यांत फरक काय, हे दाखवायला जगात घडलेल्या दोनच गोष्टी पुरतील.

ऑगस्ट २००७. नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीत दोष निघाला. मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंग करताना जास्त तापू शकतात, असे जाहीर झाले. आकडा केवढा प्रचंड! पण उपाय केवढा सोपा. झाकण काढा, बॅटरीवरचा नंबर बघा, नंबर दोषाच्या यादीत असेल तर कंपनीकडून नवी घ्या. फोन घरातच राहिला, नंबर राहिले, कामे चालू राहिली.

सप्टेंबर २०१६. सॅमसंगच्या नोट ७ या महागड्या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. सुमारे २५ लाख फोन परत बोलवावे लागले. दोष बॅटरीचाच होता, हे कंपनीने पुढे स्वतः सांगितले. पण बॅटरी आत बंद. म्हणून अख्खा फोन परत. बदलून दिलेले फोनही पेटले तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो फोनच बंद करावा लागला. वखराची पास तुटली म्हणून वखर, जू आणि दोर सगळेच चुलीत घालण्यासारखे हे झाले.

बीएल-५सी बॅटरीचे आणखी एक. ती इतकी सर्रास मिळू लागली, की फोन गेले तरी ती रेडिओत आणि लहान स्पीकरमध्ये चालत राहिली. एक माप ठरले की शंभर वस्तू त्यावर जगतात. आज प्रत्येक फोनची बॅटरी वेगळ्या मापाची. शेजाऱ्याची आपल्याला चालत नाही, आपली गेल्या वर्षीची यंदा चालत नाही.

कंपन्यांची उत्तरे

ही तक्रार मांडली की तीन उत्तरे ठरलेली असतात. ती एकेक करून पाहू.

पहिले उत्तर : बंद केल्याशिवाय फोनमध्ये पाणी जाते. खोटे! २०१४ चा सॅमसंग एस ५ पाण्यात पडला तरी टिकेल असा बनवला होता आणि त्याची बॅटरी हाताने निघत होती. २०२२ मध्ये त्याच कंपनीने एक्सकव्हर ६ प्रो नावाचा दणकट फोन काढला. तोही पाण्याला दाद देत नाही, आणि त्याचीही बॅटरी निघते. मग हा फोन विकतात कोणाला? कारखान्यांना, गोदामांना, कामावरच्या माणसांना पुरवणाऱ्या कंपन्यांना. म्हणजे गिऱ्हाईक मोठे असले आणि त्याने अट घातली की विज्ञान लगेच वाकते. सुट्या गिऱ्हाईकापुढे तेच विज्ञान ताठ उभे राहते.

दुसरे उत्तर : लोकांना पातळ फोनच हवेत. आम्हाला कोणी विचारले? पातळ फोन घ्यायचा, मग तो फुटू नये म्हणून वर जाड रबरी कव्हर चढवायचे आणि काचेवर काच चिकटवायची. शेवटी हातात येतो तो जाडच फोन. फरक एवढाच, की जाडीचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

तिसरे उत्तर : घरी उघडलेली बॅटरी धोक्याची असते. खरे आहे, फुगलेल्या बॅटरीत टोकदार वस्तू खुपसली तर ती पेटते. पण ती खुपसावी लागते कशामुळे? डिंकामुळे! आधी डिंक लावायचा आणि मग डिंक काढणे धोक्याचे आहे असे सांगायचे. नेदरलँड्सची फेअरफोन ही छोटी कंपनी २०१३ पासून फोन विकते. तिच्या २०२१ आणि २०२३ च्या फोनमध्ये बॅटरी हाताने निघते आणि बाकीचे भाग एका साध्या पेचकसाने. छोट्या कंपनीला जमते ते जगातल्या बड्या कंपन्यांना जमत नाही, हे कोणाला पटेल?

खरे उत्तर चौथे आहे आणि ते कोणी देत नाही. ज्याच्याकडे फोन नाही त्याला फोन विकायचा, तेव्हा टिकाऊपणा विकावा लागतो. सगळ्यांकडे फोन झाला, की ज्याच्याकडे आहे त्यालाच पुन्हा विकावा लागतो. मग टिकाऊपणा हाच धंद्याचा शत्रू ठरतो.

ऊन, बोटे आणि काळी माती

ही बॅटरी आत काय करते तेही समजून घ्या. ती घासून झिजत नाही, तिच्या आतल्या रसायनाची ताकद दर चार्जिंगला थोडी थोडी उतरते. काहीशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची धारण कमी होते. दोन-तीन वर्षांत दुपारीच मान टाकते. फोनमधली ही झिजणारी वस्तू, वखराच्या पासेसारखी. जी वस्तू झिजणार हे आधीच माहीत आहे, तीच न काढता येईल अशी बसवायची, याला कारागिरी म्हणत नाहीत.

त्यात आपले ऊन. बॅटरीला उष्णता सोसत नाही. ॲपल आपल्या फोनसाठी सांगते, की तो ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा. अकोला, वर्धा, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. परभणीला काही महाबळेश्वर नाही. म्हणजे फोन ज्या हवेसाठी घडवला ती हवा आपल्याकडे वर्षातले बरेच दिवस नसतेच, आणि बॅटरी आपल्याकडेच लवकर मरणार. जिथे ती लवकर मरते तिथेच ती बदलायची सोय सगळ्यात कमी. कंपनीचे सर्व्हिस सेंटर जिल्ह्याला. जायचे तर एसटीचे भाडे, दिवसाची मजुरी आणि वर "फोन चार दिवस ठेवून जा".

बोटांचे म्हणाल तर हा काचेचा पडदा दाबाने चालत नाही. बोटाच्या कातडीतून जी सूक्ष्म वीज वाहते तिच्यावर तो चालतो. कोरडे, घट्टे पडलेले बोट त्याला नीट कळत नाही. ओले बोट त्याला गोंधळात पाडते. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटे, ज्वारीच्या कापणीत राठ झालेले तळवे, पावसात भिजलेले हात, या सगळ्यांना तो पडदा ओळख दाखवत नाही. ज्या हाताने पीक आणले त्याच हाताला पीक नोंदवता येत नाही. मग आपण म्हणतो, "आम्हाला अडाण्यांना हे जमत नाही, पोराला बोलवा." अडाणी आपण नाही, पडदा आहे. मायबहिणींचे तर सारेच अवघड. घरात काचेचा फोन बहुधा एकच आणि तो धन्याच्या खिशात.

आम्ही हे जुन्या फोनचे भजन म्हणून लिहीत नाही. हवामान, बाजारभाव, बँकेचा हिशोब, दूर शिकायला गेलेल्या लेकीचा चेहरा, हे सगळे काचेच्या फोनने दिले. ते आम्हाला हवे आहे आणि आणखी हवे आहे. नवे तंत्र नाकारून शेतकऱ्याचे भले झाल्याचे एकही उदाहरण नाही. पण तंत्र घेणे वेगळे आणि तंत्राच्या नावावर बेडी घेणे वेगळे.

ही बेडी कुठे आहे ते एका वाक्यात सांगतो. ज्या फोनची बॅटरी निघते त्यावर ॲप चालत नाही, आणि ज्या फोनवर ॲप चालते त्याची बॅटरी निघत नाही. पहिले अर्धे वाक्य सरकारने लिहिले, दुसरे कंपन्यांनी. मध्ये आपण उभे आहोत, सातबारा घेऊन.

दुसरीकडे काय झाले

युरोपातल्या सरकारांनी कंपन्यांना दम भरला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या फोनना एकच चार्जिंग पिन सक्तीची झाली. ॲपलने आपली वेगळी पिन २०२३ मध्येच सोडून दिली. इतकी वर्षे जे अशक्य होते ते कायदा दिसताच शक्य झाले! २० जून २०२५ पासून तिथे आणखी नियम लागू झाले : फोनचे मॉडेल बाजारातून गेल्यावरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत, पाच वर्षे सॉफ्टवेअर नवे होत राहिले पाहिजे. आणि १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख तिथे कायद्याने ठरवली आहे, की तेव्हापासून बॅटरी साध्या अवजारांनी गिऱ्हाईकाला बदलता आली पाहिजे. त्यात पळवाटा ठेवल्या आहेत, पण पळवाट ठेवावी लागते याचा अर्थ वाट अडवली आहे.

अमेरिकेत हा लढा शेतकऱ्यांनीच पुढे नेला, कारण फोनचा रोग ट्रॅक्टरला लागला. जॉन डिअरचा ट्रॅक्टर बिघडला तर कंपनीच्या संगणकाशिवाय दोष शोधता येईना. ऐन हंगामात पीक उभे आणि डीलरच्या माणसाची वाट बघत ट्रॅक्टरही उभा. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रे दुरुस्त करण्याचा शेतकऱ्याचा हक्क कायद्यात लिहिला. ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये सुट्या भागांना नंबराची बेडी घालायला बंदी केली. आज फोनच्या डिंकाबद्दल गप्प बसाल, तर उद्या हाच डिंक आपल्या ट्रॅक्टरवर, फवारणी पंपावर आणि सोलर मोटारीवर चढेल.

आणि आपल्याकडे? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची यंत्रे होती आणि मोबाईलही होते. २४ डिसेंबर २०२२ रोजी एक पोर्टल सुरू झाले. त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ठेवायची. कोणती वस्तू किती दुरुस्त होऊ शकते याचे गुण वस्तूवर छापावेत, यासाठी २०२४ मध्ये आणखी एक समिती बसली आणि तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. समित्या चांगल्या आहेत. पण पोर्टल म्हणजे विनंती आणि कायदा म्हणजे हुकूम. सरकारने शेतकऱ्याला ॲपचा हुकूम केला आणि कंपनीला बॅटरीची विनंती केली. तराजू कोणाच्या बाजूला झुकला आहे ते यावरून समजा.

सरकारला बटणाच्या फोनवर काम करता येत नाही, असेही नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवण्याची सोय सुरू केली. नंबर लावा, बटणे दाबा, पैसे गेले. बँकेतला पैसा बटणावर हलू शकतो, मग कापसाची नोंद बटणावर का होऊ शकत नाही? पैशापेक्षा कापूस जास्त जोखमीचा आहे का?

जिल्हा बैठकीपुढचे ठराव

बंधूंनो, नुसती चरफड करून काही होत नाही. प्रत्येक जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावेत, त्यावर चर्चा करावी आणि मंजूर झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दोन्ही सरकारांकडे पाठवावेत.

१. हमीभावाची खरेदी, पीक पाहणी आणि विमा यांतले कोणतेही काम फक्त ॲपवर होणार नाही. तेच काम बटणाच्या फोनवरून, आणि खरेदी केंद्रावर किंवा तलाठी कार्यालयात कागदावर, त्याच मुदतीत करता आले पाहिजे. ज्याने कागद दिला त्याला त्याच दिवशी पोच मिळाली पाहिजे.

२. सरकार ज्या कामासाठी फोन मागते ते ॲप जुन्या फोनवरही चालले पाहिजे. तीन-चार वर्षांपूर्वीचा फोन चालत नसेल तर त्या कामाला फोनची सक्ती करता येणार नाही.

३. या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनची बॅटरी साध्या पेचकसाने बदलता आली पाहिजे, असा कायदा करावा. बॅटरी, पडदा आणि चार्जिंग पिन हे भाग मॉडेल बंद झाल्यावरही सात वर्षे ठरल्या दरात मिळावेत. युरोपच्या गिऱ्हाईकाला जे मिळते ते आपल्यालाही मिळावे.

४. सुटे भाग आणि दुरुस्तीचे नकाशे तालुक्याच्या कारागिराला विकत मिळावेत. बाहेर दुरुस्त केला म्हणून वॉरंटी तोडता येणार नाही.

५. हेच नियम ट्रॅक्टर, पंप आणि सोलर मोटारीला लागू करावेत.

आणि एक काम ठरावाची वाट न बघता करण्यासारखे आहे. पुढचा फोन घ्याल तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : बॅटरी निघते का? पडदा फुटला तर तालुक्याला मिळतो का, केवढ्याला? किती वर्षे हा फोन नवे ॲप घेईल? उत्तर मिळाले नाही तर पुढच्या दुकानात जा. दहा जणांनी विचारले तर दुकानदार हसेल. तालुक्यातल्या दहा हजार जणांनी विचारले तर तो कंपनीला फोन लावेल.

आपल्या बापजाद्यांनी तिफणीचा फण झिजला म्हणून तिफण फेकली नाही. लोहाराकडे नेली, फण शेवटून घेतला आणि पेरणीला निघाले. अवजार आपले, कारण त्याचा झिजलेला भाग आपल्याला बदलता येतो. जे उघडता येत नाही ते आपले नाही, पावती आपल्या नावाची असली तरी. अशा वस्तूवर आपला कापूस, आपला पेरा आणि आपला विमा टांगून ठेवायला आम्ही तयार नाही. बैठकीला या, आणि येताना घरातला बंद पडलेला फोन सोबत आणा. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर निवेदनाबरोबर तो ढीगही ठेवू.